आजीच्या डब्यातलं चांदीचं पदक कुठलं आणि किती जुनं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजीच्या डब्यात चांदीचं एक चौकोनी, पेटीसारखं पदक निघालं. रुंदी सहा सेंटिमीटरच्या आसपास, वजन ५२ ग्रॅम. पुढे मधोमध लाल खडा, त्याच्या भोवती तारेची वेलबुट्टी आणि बारीक रवे, खाली पाच साखळ्या आणि त्यांना घुंगरं. मागच्या कोपऱ्यात छोटा शिक्का, त्यात 'उर्दूत काहीतरी' लिहिलेलं. आजोबा मराठा पलटणीत होते आणि केरेनच्या लढाईत होते, एवढं घरात ऐकलेलं. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, तीन ठिकाणी दाखवलंत. एकाने दोनशे वर्षांचं सांगितलं, दुसऱ्याने 'जर्मन आहे', म्हणजे जर्मन सिल्व्हर, चांदी नाही, म्हणून परत दिलं, तिसरा मोडीच्या भावाने लगेच घ्यायला तयार झाला.

पाठवलेले फोटो मी मोठे करून नीट पाहिले. माझं मत आधी सांगतो, कारणं मागून. पदक चांदीचंच आहे. घडण आपल्या मुलखातली नाही, येमेनची आहे. काळ विसाव्या शतकाची पहिली चाळीस वर्षं, मागे नेलंच तर एकोणिसाव्या शतकाची अखेर. दोनशे वर्षांचं नक्की नाही. आणि पाचांपैकी दोन साखळ्या इथल्या आहेत, बहुतेक कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या.

पारख करताना मी डाग, म्हणजे दागिना, आधी पालथा करतो. दर्शनी बाजू कारागीर गिऱ्हाइकासाठी सजवतो आणि नक्कल करणाराही सगळी मेहनत तिथेच घेतो. पाठ मात्र जशी झाली तशी राहते. तुमच्या दुसऱ्या फोटोत उजेड तिरका पडलाय ते फार बरं झालं. पाठीचा पत्रा सपाट नाही, त्यावर हातोडीच्या हलक्या लाटा दिसतात आणि कडेला त्याची जाडीही एकसारखी नाही. मशीनमधून लाटून काढलेला पत्रा असा येत नाही. पाठीचे चारही कोपरे गुळगुळीत झालेत, पुढचे मात्र अजून बोटाला लागतील असे आहेत. अंगावर घातलेल्या पदकाची पाठ कपड्यावर घासते, पुढची बाजू मोकळी असते, म्हणजे झीज जिथे पडायला हवी तिथेच पडली आहे.

आता वरच्या दोन कड्या बघा, ज्यांतून गोफ किंवा साखळी जाते. कडीची आतली, वरची कड निम्म्याच्या वर खाल्ली गेली आहे, खालची बाजू जशीच्या तशी जाड. पदकाचं वजन खाली ओढतं आणि गोफ कडीच्या माथ्याला आतून घासत राहतो. अशी झीज पडायला एका बाईचं बरंचसं आयुष्य जावं लागतं. नवा माल जुना भासवायचा असेल तर तो पॉलिशच्या ड्रममध्ये फिरवतात आणि गंधकाच्या पाण्याने काळा करतात. मग झीज सगळीकडे सारखी येते आणि काळेपणाही सपाट, रंग दिल्यासारखा दिसतो. तुमच्या पदकावर उंचवटे उजळ आहेत आणि खाचांतला काळेपणा थरावर थर बसलेला आहे. तो थर मुद्दाम चढवलेला वाटत नाही.

जास्त वेळ मी रव्यांवर घालवला, कारण येमेनचं नाव मी तिथूनच घेतो. दहापट भिंग असेल तर तुम्हीही पाहा. चांदीच्या तारेचे बारीक तुकडे कोळशावर तापवले की वितळून गोल होतात, तो रवा. असे शेकडो रवे करायचे, मापाप्रमाणे निवडायचे, पत्र्यावर मांडायचे आणि सगळे एकदम डाखायचे, म्हणजे डाख वितळवून जोडायचे. डाख कमी पडला तर रवा सुटतो, जास्त झाला तर रव्याची गोलाई बुडते. तुमच्या पदकावर प्रत्येक रवा एका बिंदूवर टेकलेला आहे, त्याच्या बुडाशी बारीक मान आहे आणि दोन रव्यांच्या मधल्या फटीतून खालचा पत्रा दिसतो. रवे एकाच मापाचेही नाहीत. काठावर थोडे मोठे, खड्याजवळ अगदी खसखशीएवढे. साच्यातून ओतलेल्या नकलेत रव्यांची बुडं एकमेकांत भरून जातात, मान राहत नाही आणि पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात. अशा नकला बाजारात आता भरपूर आहेत. जयपूरकडे 'ट्रायबल' म्हणून होणाऱ्या मालातही हा नमुना मिळतो.

रवाकाम, तारकाम, चौकोनी पोकळ पेटी आणि खाली लोंबत्या साखळ्या हे सगळं एकत्र येतं ते अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला. तिथे या पेटीला हिर्झ म्हणतात. आपला ताईतच तो, आत कुराणातल्या आयतांचा किंवा दुआचा कागद ठेवायचा. येमेनमधली चांदी घडवणारे बहुतांश कारागीर ज्यू होते आणि गिऱ्हाईक बहुतांश मुसलमान. त्यामुळे मुसलमान बाईच्या गळ्यातला ताईत ज्यू सोनाराने घडवलेला असणं तिथे रोजचंच होतं.

तुम्ही शिक्क्यात उर्दू आहे म्हणता, पण मला तसं वाटत नाही. उर्दू-अरबी अक्षरं एकमेकांना जोडून वाहत जातात. शिक्क्यातली अक्षरं सुटी आहेत, चौकोनी, एकेक वेगळं उभं. ती हिब्रू असावीत. काही ज्यू कारागीर आपलं नाव हिब्रूत ठोकत, काही अरबीत, बऱ्याच मालावर तर नावच नसतं. हे वाचून घ्यायला लांब जायची गरज नाही. आपल्याकडचे बेने इस्रायल ज्यू मराठीच बोलतात. मुंबईत, अलिबागेकडे त्यांची प्रार्थनागृहं आहेत, पुण्यात कॅम्पात लाल देऊळ आहे. तिथे हिब्रू वाचणारं कुणीतरी भेटेलच. शिक्क्याचा फोटो काढताना उजेड बाजूने पाडा, फ्लॅश मारू नका, आणि शेजारी मोजपट्टी ठेवा.

ती अक्षरं हिब्रू ठरली तर काळाला वरची हद्द मिळते. १९४९ ते १९५० या काळात येमेनमधले जवळपास सगळे ज्यू विमानांनी इस्रायलला नेले गेले, सुमारे ४९,००० माणसं. त्यांच्याबरोबर ही कारागिरीही गेली. त्यातल्या काहींनी पुढे इस्रायलमध्ये काम चालू ठेवलं, पण त्या मालावर बहुधा इंग्रजीत देशाचं नाव किंवा '९२५' असा आकडा सापडतो. तुमच्या पदकावर तसं काहीच नाही. म्हणून ते १९५० च्या आधीचं, येमेनमध्येच झालेलं, असं धरणं सयुक्तिक आहे.

आता आजोबा. मी घरची हकीकत कधी पुरावा म्हणून आधी धरत नाही, कारण वस्तू एकदा तिच्यातून पाहिली की पुढे सगळं तसंच दिसायला लागतं. पण वस्तूचं वाचन झाल्यावर हकीकत त्याच्याशी जुळते का, हे जरूर बघतो. केरेन पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात आहे. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इटालियन फौजेशी तिथे लढाई झाली आणि आपल्या मराठा पलटणीची तिसरी बटालियन तिच्यात होती. एप्रिलमध्ये मसावा बंदर पडलं. मसावाच्या समोर, तांबड्या समुद्राच्या पलीकडे, येमेन. त्या दोन किनाऱ्यांमध्ये माणसांची आणि मालाची ये-जा जुनी आहे. येमेनच्या बाजूचं एडन बंदर तर १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि जवळपास शतकभर त्याचा कारभार मुंबईतून चालला. केरेनहून परतणाऱ्या शिपायाने मसावाच्या बाजारात किंवा वाटेत एडनला असं पदक घेतलं असेल, तर त्यात नवल नाही. आजोबांचं सैन्यातलं सेवापुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद घरात असेल तर तो शोधा. तारखा जुळल्या तर पदक १९४१-४२ च्या आधीचं, हे पक्कं होईल. कडीची झीज पाहता ते त्यांनी घेतलं तेव्हाच वापरलेलं असणार, म्हणजे आणखी वीस-तीस वर्षं मागे जायला हरकत नाही. अर्थात आजीने ते रोज वापरलं असेल तर हा हिशेब बदलतो. घरातल्या थोरल्यांना विचारा आणि आजीच्या जुन्या फोटोंत तिचा गळा बघा.

दोनशे वर्षं का नाहीत, तेही सांगतो. चांदीचे डाग फार जगत नाहीत. आपल्याकडे सून घरात आली की सासूचे तोडे मोडून नवे वाळे, नवे पैंजण घडवायचे. अरबस्तानातही लग्नाला नवी चांदी लागायची आणि जुनी भट्टीत जायची. त्यामुळे बाजारात आणि घरांत जी लोकवापराची चांदी उरली आहे, मग ती येमेनची असो, राजस्थानची असो वा आपली, तिच्यातली बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरची आहे. 'दोनशे वर्षं' हा आकडा दुकानात फार सहज तोंडात येतो. कुणी म्हणालंच, तर कशावरून ते जरूर विचारा.

'जर्मन' म्हणणाऱ्या दुकानदाराची अडचण मला समजते. आकाराच्या मानाने पदक हलकं लागतं आणि रंग आपल्या चांदीसारखा पांढराशुभ्र नाही, किंचित करडा आहे. हलकं आहे कारण आतून पोकळ आहे. आणि रंग करडा असण्याचं कारण बहुधा त्याच्या कच्च्या मालात आहे. तांबड्या समुद्राच्या दोन्ही बाजूंना ऑस्ट्रियाचं मारिया थेरेसा थालर हे मोठं चांदीचं नाणं चालायचं. वजन २८ ग्रॅम, चांदी ८३.३ टक्के, बाकी बहुतांश तांबं. हेच थालर वितळवून तिथले कारागीर डाग घडवत. आपल्याकडे जसं राणीछाप रुपये सोनाराकडे देऊन तोडे घडवून घेत, तसंच. आपला रुपया ११.६६ ग्रॅमचा, एक तोळ्याचा, आणि टंच, म्हणजे चांदीचं शेकडा प्रमाण, ९१.७. त्यामुळे रुपयांपासून झालेला जुना माल जास्त पांढरा दिसतो. थालरबद्दल आणखी एक गोष्ट, कारण तुमच्यासारख्या पदकांना कधी कधी हेच नाणं खाली लोंबतं. त्यावर १७८० हे साल असतं आणि लोक ते वाचून डागही तेव्हाचा समजतात. हे नाणं त्याच सालाने पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ पाडलं गेलं, १९४०-४१ मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही. आपल्या १८६२ च्या राणीछाप रुपयाचंही तसंच आहे. तेच साल ठेवून तो १८७४ पर्यंत पाडत होते. नाण्यावरून एवढंच ठरतं की डाग त्या सालाच्या आधीचा नाही.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. म्हणून शंका काढून टाकायला टंच काढा, पण कसोटीवर घासून किंवा कानस मारून तेजाब टाकून नको. अशा कामावर एक ओरखडासुद्धा कायमचा राहतो. गुजरीत एक्स-रे मशीनवर टंच काढून मिळतो. तिथे एक आकडा घेऊन परत येऊ नका. मशीन फक्त वरची कातडी वाचतं. डाग घडवताना तापवून आम्लात बुडवला की वरचं तांबं निघून जातं आणि कातडीवर चांदी जास्त उरते, म्हणून सपाट भागावर आकडा असतो त्यापेक्षा चढा येतो. चार जागी किरण पाडायला सांगा. पाठीच्या पत्र्यावर, कडीच्या झिजलेल्या माथ्यावर (तिथली कातडी घासून गेलेली असल्याने आतला धातू दिसतो), एखाद्या जुन्या डाखाच्या सांध्यावर आणि बदललेल्या साखळीवर. फक्त चांदीचा टक्का न घेता सगळ्या धातूंची यादी छापून घ्या. झिजलेल्या कडीवर ८० ते ८५ च्या दरम्यान आकडा आला तर थालरची शक्यता बळावते. बारीक प्रमाणात सोनं किंवा शिसं दिसलं तर तेही जुन्याच्या बाजूचं, कारण आजची विजेवर शुद्ध केलेली चांदी इतकी स्वच्छ असते की तिच्यात हे अंश राहत नाहीत. सांध्यावर कॅडमियम निघालं तर तो डाख अलीकडचा. केडीएम म्हणतात ते हेच. पण ते एकाच सांध्यावर असेल तर घाबरू नका, तिथे दुरुस्ती झाली एवढाच त्याचा अर्थ.

आणि दुरुस्ती झालेली आहेच. डावीकडून दुसरी आणि पाचवी साखळी नीट बघा. उरलेल्या तिघींच्या कड्या हाताने वळवलेल्या तारेच्या आहेत, एक कडी लांबट तर एक गोल, आणि जोड प्रत्येक ठिकाणी डाखलेला. या दोन साखळ्यांच्या कड्या एकसारख्या, चकचकीत, मशीनच्या तारेच्या. घुंगरंही वेगळी आहेत. जुनी घुंगरं दोन हातघडीच्या वाट्या जोडून केलेली, किंचित वाकडी, जोडावर वळलेली तार. नवी दोन ठशात दाबलेल्या वाट्यांची, अगदी गोल, पैंजणाला लावतात तशी. ही घडण मी ओळखतो, पट्टणकोडोली-हुपरीच्या बाजूला असा माल घरोघरी होतो. म्हणजे साखळ्या तुटल्या तेव्हा आजीने किंवा तिच्या सासूने पदक कोल्हापुरातच दुरुस्त करून घेतलं. त्या काढून 'मूळसारख्या' नव्या लावायचा विचार करू नका. त्या साखळ्या म्हणजे पदक तुमच्या घरात वापरात होतं याची खूण आहे. मला विचाराल तर त्यांनी पदकाची किंमत कमी होत नाही.

खड्याबद्दल फोटोवरून छातीठोक बोलणार नाही. अकीक, म्हणजे लालसर नैसर्गिक दगड, असेल तर रंग विटकरीकडे झुकतो आणि उजेडासमोर धरल्यावर आत ढगाळ दिसतं. गुजरातेतल्या खंबातचा अकीक अरबस्तानात शतकानुशतकं जात आला आहे. काच असेल तर भिंगाखाली आत बारीक गोल बुडबुडे दिसतील आणि बहुधा खाली लाल किंवा चंदेरी डांक, म्हणजे चमकीचा पातळ पत्रा, असेल. त्या भागातल्या चांदीत काच सर्रास आहे, तिने पदक खोटं ठरत नाही. फक्त आत वर्तुळाच्या चापासारख्या वाकड्या रेषा दिसल्या तर तो कृत्रिम माणिक, आणि तो १९०२ नंतरच बाजारात आला.

बाकीच्या शक्यता मी का बाजूला ठेवल्या तेही सांगतो. ओमानची पेटी जवळची, पण ती जास्त जड असते आणि तिच्यावर अनेकदा सोन्याचा पातळ पत्रा बसवलेला असतो. तुर्कमेनी मालावर सोन्याचा मुलामा आणि मोठे सपाट अकीक. अफगाणी कुची दागिन्यांत रंगीत काचा आणि हिणकस धातू. हिमाचलकडच्या चांदीवर निळा-हिरवा मीना. राजस्थानचं मादळिया बहुधा नळीसारखं किंवा ठशाचं. आपल्या भागातली चांदीची पेटी म्हटली की लिंगायतांची करडगी आठवते. तिचा आकार वेगळा, काम गुळगुळीत आणि भरीव, आणि रव्यांची अशी गर्दी तिच्यावर नसते.

आता काही कळकळीच्या सूचना. पदक रिठ्याच्या पाण्यात उकळू नका, चिंच लावू नका, बाजारात मिळणाऱ्या डिपमध्ये तर अजिबात बुडवू नका. खड्याखाली डांक असेल तर पाणी शिरून तो काळा पडेल आणि पेटीच्या आत गेलेलं आम्ल बाहेर काढता येत नाही. खाचांतला काळेपणा राहू द्या, त्यानेच काम उठून दिसतं. मऊ सुती कापडाने कोरडंच पुसा. पेटी कानाशी धरून हळूच हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर बाजूची पट्टी टोपणासारखी निघते का बघा, पण सुरीने उचकटू नका. आत कागद असेल तर तो वाळून कडक झालेला असणार आणि उलगडताना चुरा होईल. तसं काही जाणवलं तर पेटी बंदच ठेवा आणि कागदाचं जतन करणाऱ्या माणसाकडे न्या.

मोडीत देऊ नका. वजनाच्या भावात तुम्हाला ५२ ग्रॅम कमी टंचाच्या चांदीचे पैसे मिळतील आणि असं रवाकाम आज कुणी त्या पैशांत करून देणार नाही. विकायचंच असेल तर जुन्या दागिन्यांचे संग्राहक गाठा. परदेशातलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून पार्सल करू नका. आपल्याकडच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि हे पदक त्या सीमारेषेवरच आहे.

आधी शिक्का वाचून घ्या, मग मशीनवर चार जागी टंच काढा. शिक्क्याचा वाचलेला मजकूर, धातूंची छापील यादी आणि कडीच्या माथ्याचा जवळून काढलेला एक फोटो पाठवलात की मी काळाची मर्यादा आणखी आवळून सांगेन. आजोबांच्या कागदावर मसावा किंवा एडनची तारीख सापडली तर तीही कळवा.